भरती आली की फ्लेमिंगो जातात कुठे?

ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचे जे फोटो आपण बघतो ते बहुतेक ओहोटीचे असतात. पाणी उतरलेलं, राखाडी चिखल उघडा पडलेला आणि त्यावर माना खाली घालून चरणारा गुलाबी थवा. सहा तासांनी त्याच जागी गेलात तर चिखल नसतो, थवाही नसतो. मग पक्षी गेले कुठे? फोटो बघणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. नवी मुंबईच्या नकाशात रंग भरणाऱ्यांनाही तो बरीच वर्षं पडला नव्हता, आणि नेरूळमधल्या डीपीएस शाळेशेजारच्या तलावाचं सगळं प्रकरण तिथूनच सुरू होतं.

आधी खाडीचं घड्याळ समजून घेऊ. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणकी केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. दिवसातून दोनदा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, मुंबईच्या किनाऱ्याला पाणी पाच मीटरच्या जवळपास चढतं आणि खाडीतले चिखलपट्टे पार बुडतात. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी कमी चढतं आणि कुठे कुठे चिखलाची कड उघडी राहते. म्हणजे पक्ष्यांची अडचण रोज सारखी नसते. उधाणाला ती सगळ्यात जास्त असते.

धाकटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, उभा राहिला तर जेमतेम ऐंशी-नव्वद सेंटिमीटर. चोच उलटी धरून तो उथळ पाणी गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो. काठावरच्या शहरांचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या या खाडीत शेवाळाला तोटा नाही, हा आपल्या कर्तबगारीचा विचित्र पुरावा आहे. मोठा रोहित चिखलातले छोटे जीव टिपतो. दोघांनाही पोहता येतं, पण खोल पाण्यात चरणं होत नाही आणि निवांत उभं राहून झोपणंही होत नाही. म्हणून भरती चढू लागली की दोघांनाही दुसरीकडे उथळ पाणी शोधावं लागतं. तेही जवळ, कारण चार-पाच तासांत परत यायचं असतं.

एका पौर्णिमेला सकाळी साडेनऊच्या सुमारास मी नेरूळच्या बांधावर उभा होतो. तलावात शेकाट्यांची एक ओळ, दोन बगळे, तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, फांदीवर एक खंड्या. बाकी काही नाही. मग खाडीच्या बाजूने, तिवरांच्या शेंड्यांच्या जरा वरून, एक वाकडीतिकडी रेघ आली. बदकांच्या कलकलाटासारखा आवाज आधी कानावर पडला, गुलाबी रंग नंतर दिसला. वीस-पंचवीस पक्षी पाय लोंबकळत सोडून उतरले, दहा पावलं धावले आणि थांबले. पाठोपाठ दुसरी रेघ, मग तिसरी. पाऊण तासात तलावाचा मधला भाग भरून गेला. बहुतेकांनी एक पाय वर घेतला, मान पाठीवर वळवली आणि चोच पिसांत खुपसली. पाणी त्यांच्या गुडघ्यांच्या खाली होतं. माझ्या शेजारी फिरायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, “रोजच येतात, पण पाणी असेल तरच.” या प्रकरणावरचा इतका नेमका अभिप्राय मी नंतर कुठल्या अहवालात वाचला नाही.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर लगतचं पाणी. ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल या दोन्हींच्या मधला हा भाग. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाली. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतरचं हे राज्यातलं तिसरं रामसर स्थळ, आणि त्याचं क्षेत्र ६,५२१ हेक्टर धरलेलं आहे. हंगामात इथे लाखाच्या वर फ्लेमिंगो असतात. कागदावर हे सगळं भक्कम आहे. पण अभयारण्यातल्या पाण्याचा मोठा भाग म्हणजे चिखलपट्टा, म्हणजे ओहोटीचं ताट. भरतीतल्या बसायच्या जागा बऱ्याचशा हद्दीच्या बाहेर आहेत: मुंबईच्या बाजूला भांडुप उदंचन (पंपिंग) केंद्राजवळ, नवी मुंबईत वाशी पुलाच्या दक्षिणेला टीएस चाणक्य (सागरी प्रशिक्षण संस्था), एनआरआय (निवासी संकुल) आणि डीपीएस यांच्या शेजारचे तलाव, आणि खाली उरणला पाणजे, बेलपाडा, भेंडखळ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०१८ पासून खाडीचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. भांडुप, एनआरआय-टीएस चाणक्य आणि उरणच्या पाणथळींना तिने अभयारण्याच्या ‘सॅटेलाइट’ पाणथळी म्हटलं आणि त्या अभयारण्याबरोबरच सांभाळाव्यात अशी शिफारस केली.

कॉरिडॉर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाघ येतो. दोन जंगलं, मधे शेतं आणि रस्ते, आणि त्यातून काढलेला एक पट्टा. तिथे तुटते ती मधली जमीन. इथे मधे हवा आहे आणि हवेवर अजून तरी कोणी भराव टाकलेला नाही. तुटतं ते टोक. ते तुटतं तेही पक्ष्यांच्या वाटेवर काही बांधल्यामुळे नव्हे, तर पाण्याची वाट बुजल्यामुळे. खाडीतून तलावाकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. एक पंखांची, तिवरांच्या वरून. दुसरी पाण्याची, रस्त्याखालच्या नाल्यातून आणि पाइपातून. दुसरी चालू असेल तरच पहिलीला अर्थ. माझ्या मते या सगळ्या भांडणात जमिनीइतकंच लक्ष त्या पाइपाकडे जायला हवं होतं, आणि ते फार उशिरा गेलं.

डीपीएस तलाव, म्हणजे नेरूळचा हाच तलाव, साधारण तीस एकरांचा. त्याला स्वतःचा झरा नाही, नदी नाही. भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला बरंचसं बाहेर जातं आणि मागे वीतभर उथळ पाणी आणि ताजा गाळ उरतो, एवढंच त्याचं भांडवल. २०२४ च्या उन्हाळ्यात हे येणं-जाणं थांबलं. पाणी आटलं, तळ भेगाळू लागला, आणि एप्रिल-मे महिन्यांत परिसरात फ्लेमिंगो मरून पडल्याच्या, जखमी अवस्थेत सापडल्याच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्या. रहिवासी रस्त्यावर उतरले, तक्रारी झाल्या, राज्य सरकारने समिती नेमली. पाहणीत जे निघालं ते अगदी साधं होतं. नेरूळ जेट्टीच्या रस्त्याच्या कामात तलावाकडे येणारी पाण्याची मुख्य वाट बुजली होती.

तलाव कोणी भरून टाकला नव्हता. त्यावर इमारत उभी राहिली नव्हती. कुंपणाच्या आत तो जसाच्या तसा होता. फक्त त्याच्यापासून काही अंतरावर, दुसऱ्याच कामाच्या हद्दीत, मातीचा एक ढीग पडला होता. रस्त्याच्या कंत्राटात तलावाचा उल्लेख असायचं कारण नाही आणि तलावाच्या फायलीत रस्त्याचा. दोन्ही फायली आपापल्या जागी बरोबर होत्या, असंच कोणीही शपथेवर सांगू शकेल.

त्याच मे महिन्यात, २० तारखेला रात्री नऊच्या सुमारास, दुबईहून मुंबईला उतरणारं एक विमान घाटकोपरजवळ फ्लेमिंगोंच्या थव्याला धडकलं. विमान सुखरूप उतरलं; खाली वस्तीत ३९ पक्षी मेलेले सापडले. याचं खापर नेरूळच्या एका तलावावर फोडणं बरोबर नाही, आणि मी ते फोडत नाही. पण त्या दिवशी वैशाख शुद्ध द्वादशी होती. पाऊणकी केली तर भरतीची वेळ रात्री नऊची येते. पाणी चढत असताना थवे हवेत असणार, हे ज्याने एकदा तरी बांधावर उभं राहून पाहिलं आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. ते कुठे जाण्यासाठी उठतात आणि तिथे जागा नसेल तर किती वेळ घिरट्या घालतात, हा मग केवळ पक्षिमित्रांचा प्रश्न राहत नाही.

विमानतळाचा मुद्दा इथेच येतो, आणि तो बहुतेक वेळा उलटा मांडला जातो. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. पाणथळी पक्षी ओढतात, पक्षी विमानांना धोका, तेव्हा पाणथळी नकोत, असा सरळसोट हिशेब अनेकांच्या तोंडी असतो. तो फक्त एका गोष्टीने फसतो: फ्लेमिंगो पाणथळ बंद झाली म्हणून खाडीतून निघून जात नाही. ताट तिथेच आहे. दोन वेळच्या भरतीत तो दुसरी मोकळी, सपाट, माणसांपासून लांबची जागा शोधतो, आणि धावपट्टीभोवतीची जमीन नेमकी तशीच असते. सॅटेलाइट पाणथळी राखण्याच्या आग्रहामागे हेही एक कारण आहे. पक्ष्याला ठरलेली जागा द्यायची, म्हणजे तो नको तिथे बसणार नाही.

आता कायदा. पाणथळींसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, पण किनारा नियमन क्षेत्रातल्या पाणथळी त्या नियमांतून वगळलेल्या आहेत, कारण त्यांना किनाऱ्याचा कायदा लागू आहे असं गृहीत धरलं आहे. मिठासाठी बांधलेली आगरंही वगळलेली. किनाऱ्याच्या कायद्यात खारफुटी आणि चिखलपट्ट्यांना सगळ्यात कडक संरक्षण आहे. शिवाय सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची नासधूस म्हणजे घटनेच्या कलम २१ चं उल्लंघन ठरवलं आणि भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. हे सगळं जमिनीवर भरतीचं पाणी येतं या एका वस्तुस्थितीवर उभं आहे. १९९१ च्या आधी बांध किंवा उघाडी (बांधातली पाण्याची झडप) असेल तिथे तर भरतीची रेषाच त्या बांधापाशी थांबलेली धरतात. त्यानंतर घातलेल्या बांधाला ही सवलत नाही. पण व्यवहारात काय होतं ते बघा. पाणी अडलं की तिवरं वाळतात, तळ सुकतो, गवत उगवतं, आणि चार-पाच वर्षांनी त्या जागेला पाणथळ म्हणणाराच खोटा वाटू लागतो. झाड तोडलं तर गुन्हा दाखल होतो. पाणी तोडलं तर कोणाला दिसतच नाही.

शेजारच्या जागेची कथा वेगळ्या वळणाची. एनआरआय-टीएस चाणक्यच्या परिसरात गोल्फ कोर्स आणि निवासी संकुल करायचं ठरलं होतं; नोव्हेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ते रोखलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२४ च्या सुरुवातीला शहराच्या विकास आराखड्यात याच पाणथळी निवासी विभागात दिसल्या आणि पुन्हा हरकती, पुन्हा मोर्चे. म्हणजे एका शहरात एकाच पाण्याची तीन नावं: अभ्यासकांच्या नकाशात फ्लेमिंगोंची विश्रांतीची जागा, आराखड्यात भूखंड, आणि किनाऱ्याच्या नकाशात भरतीचा पट्टा. तिन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघायचं काम कोणा एकाचं नाही.

इथे जरा विषयांतर करतो, कारण त्याशिवाय या शहराचं पाणी कळत नाही. नवी मुंबई १९७० नंतर सिडको या सरकारी महामंडळाने वसवली ती ९५ गावांच्या जमिनीवर. त्यातली बरीच खाजणं, खारभूमीची शेतं आणि मिठागरं. गावकऱ्यांनी खाडीच्या कडेने मातीचे बांध घातलेले असत आणि त्यात उघाडी असे, म्हणजे ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी झडप. बांध गावकीने राखायचे, उघाडीतला गाळ गावकीनेच काढायचा. सिडकोने तेच तत्त्व डच पद्धतीच्या धारण तलावांत वापरलं: शहर भरतीच्या पातळीखाली, म्हणून पावसाचं पाणी तलावात साठवायचं आणि ओहोटीला झडपेतून सोडायचं. पुढे झडपा गंजल्या, खाडीचं पाणी उलटं आत येऊ लागलं, आणि धारण तलावांत आपसूक तिवरांची राई उभी राहिली. आज त्यातला गाळ काढायचा तर खारफुटीची परवानगी लागते. झडप बिघडल्यामुळे एकीकडे न मागता जंगल उगवलं आणि वाट बुजल्यामुळे दुसरीकडे असलेला तलाव सुकला. दोन्ही ठिकाणी कारण एकच, उघाडीकडे बघणारी गावकी आता उरलेली नाही.

खारफुटीच्या याच पट्ट्यातून जमिनीवरचीही ये-जा चालते. विक्रोळी, ऐरोली, वाशीच्या तिवरांत सोनेरी कोल्हे आहेत. मॅंग्रोव्ह फाउंडेशन आणि डब्ल्यूसीएस-इंडिया यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. कोल्ह्याला मात्र पट्टा अखंडच लागतो, त्याला उडून पलीकडे जाता येत नाही. तो विषय मोठा आहे, इथे एवढंच.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत डीपीएस तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी मिळाली. या प्रकरणातली ही मला सगळ्यात महत्त्वाची घडामोड वाटते, आणि त्याचं कारण तीस एकरांत नाही, कलमात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातलं ३६ अ हे कलम २००२ च्या दुरुस्तीने आलं. सरकारी मालकीची जमीन, विशेषतः अभयारण्याला लागून असलेली किंवा एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणारी, राखीव करता येते. जोडणारी हा शब्द कायद्यातच आहे. म्हणजे तलाव म्हणून तो कसा दिसतो, किती सुंदर आहे, यावर वाद घालायची गरज नाही. तो खाडीशी जोडलेला आहे एवढं दाखवलं की पुरे. याच कलमाने राखीव क्षेत्र जाहीर करण्याआधी स्थानिकांशी बोलणं भाग आहे आणि पुढे व्यवस्थापनाची समितीही असते.

माझी शंका समितीवर नाही, हद्दीवर आहे. राखीव क्षेत्राची रेषा तलावाच्या काठाने आखली आणि पाण्याची वाट बाहेर राहिली, तर २०२४ पुन्हा होईल, फक्त पाटी नवी असेल. हद्दीत तो नाला, त्यावरचा मोरीचा पूल आणि खाडीच्या तोंडापर्यंतचा चर यायलाच हवा, मग त्याचं क्षेत्रफळ अर्धा एकर का असेना. एकदा हद्द ठरली की बाकी कामं फार अवघड नाहीत. मोरीचं तोंड किती फूट रुंद आणि तळ कोणत्या पातळीला, हे मोजून लिहून ठेवायचं. दर उधाणाला आत पाणी किती चढतं ते एका पट्टीवर बघायचं. पावसाळ्यानंतर, पक्षी यायच्या आत, तोंडाशी साचलेला गाळ आणि प्लास्टिक काढायचं. आणि जवळपास कुठलाही रस्ता, जेट्टी, केबलचा चर निघाला तर कामाच्या फायलीत या मोरीचं नाव आधी घालायचं. उंची फार महत्त्वाची. तळ एक फूट वर राहिला तर उधाणाचं पाणी आत येईल, भांगाचं येणार नाही, आणि महिन्यातले निम्मे दिवस तलाव शिळ्या पाण्याचा हिरवट खड्डा होईल. उलट वाट फार मोठी केली तर भरतीत आतही खोल पाणी होईल आणि पक्षी उभा राहू शकणार नाही. वीतभर पाणी राखणं हे सागरी अभियांत्रिकीपेक्षा भातखाचर सांभाळण्याच्या जवळचं काम आहे.

एक तलाव वाचला म्हणजे साखळी वाचली असंही नाही. उरणच्या बाजूला बेलपाडा आणि भेंडखळच्या पाणथळींवर भराव पडत गेला. पाणजे २८९ हेक्टरचं, या सगळ्यात मोठं, आणि तिथेही तक्रार तीच, की भरतीचं पाणी अडवलं जातं. मुंबईच्या बाजूला पूर्व उपनगरांतल्या मिठागरांच्या २५६ एकर जमिनीचा विषय पुनर्वसनाच्या योजनेत आलेला आहे. एक जागा गेली तर पक्षी उरलेल्यांवर दाटीने बसतो, काही वर्षं संख्या छान दिसते आणि सगळे म्हणतात, बघा, काही बिघडलं नाही. दाटीतली संख्या वाचताना म्हणूनच जपून वाचायला हवी. तलावावर दहा हजार पक्षी दिसले याचा अर्थ तलाव चांगला असाही होतो आणि शेजारचे दोन मेले असाही.

नेरूळला गेलात तर दुर्बीण न्याच, पण पक्षी बघून झाल्यावर पाच मिनिटं खाली वाका आणि मोरी शोधा. पौर्णिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुपारी बारा-एकच्या आसपास. पाणी आत येताना तोंडाशी फेसाची एक पांढरी रेघ धरते आणि तिवराची गळलेली पिवळी पानं तिच्याबरोबर आत सरकतात. पानं आत सरकत असतील तर वाट उघडी आहे. तोंडाशीच गोल गोल फिरत असतील, तर फोटो काढा, तारीख-वेळ-तिथी लिहा आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाला त्याच दिवशी पाठवा.